दोरीवर वाळत घातलेले जंतू

घरत सरांच्या घरी चहाआधी जंतू यायचा. पाहुणा ओटीवर टेकतो न टेकतो तोच सर विचारायचे, "हिवतापाचा दाखवू, की गोचिडीचा?" आणि खरोखर दाखवायचे. काचेखाली नव्हे, कागदावर.

कर्जतला आमची घरं भिंतीला भिंत लागून. सर कडावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा भाचा मुंबईत एका प्रयोगशाळेत होता. प्रत्येक जिवाची घडण ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या लांबलचक माळेत लिहिलेली असते आणि काही जंतूंच्या माळा आता छापूनही येतात, असं त्यानं सांगितलं. वर झेरॉक्सचा गठ्ठा आणून दिला. झालं! माणसाला हिवताप देणारा जंतू आणि गोचिडीतून गुरांना ताप देणारा जंतू, यांच्या माळा कुठे कुठे जुळतात ते शोधायला सर बसले. माळा कागदाच्या पट्ट्यांवर उतरवायच्या, ओटीवरच्या दोन दोऱ्यांना चिमट्यांनी लावायच्या आणि सरकवत सरकवत अक्षराला अक्षर भिडवायचं.

"काय ओ सर, पतंगाच्या शेपट्या का?" दूध घालणाऱ्या हिराबाईनं एकदा विचारलं.

"हिवतापाचे जंतू आहेत."

"अगं बाई! मंग उनात तरी घाला. सावलीत कशी मरतील?"

सर रागावत नसत. "परजीवी म्हणजे जावई," ते म्हणायचे. "खातो आपलं आणि आजारीही आपल्यालाच पाडतो. मला जावई नाही, म्हणून बोलता येतं."

मला या सगळ्यातली एकच गोष्ट खटकायची. अक्षरं मोठ्यानं वाचायला त्यांनी आपल्या बायकोला, काकूंना बसवलं होतं. काकूंना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण जीभ जड झाली. बाजारात त्यांचे बोबडे बोल ऐकून कुणीतरी हसलं आणि काकूंनी तोंडच मिटून घेतलं. हो की नाही, ते मानेनं. बोलत्या राहिल्या नाहीत तर आहे तीही वाचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि अशा बाईला हा माणूस जंतू वाचायला लावतो! मला तर शेजारी कुणी शिंकलं तरी आपल्यामुळेच असं वाटतं. भिंतीपलीकडून ते अडखळतं "ए... शी... शी..." ऐकू आलं की मी जेवणाचं ताट उचलून मागच्या दारी जात असे.

भाचा दिवाळीला आला, तेव्हा म्हणाला, "मामा, आमच्या कामावरचा संगणक हे सगळं दुपारच्या चहापर्यंत करून देईल."

"तुझ्या संगणकाचं लग्न झालंय का?" असं म्हणून सरांनी पट्टी पुढे सरकवली. भाचा हसला, मीही हसलो. म्हातारा हट्टी, एवढाच अर्थ मी घेतला.

शेवटी मला राहवेना. 'काकूंना विश्रांती द्या, मी वाचतो' असं सांगायला एका संध्याकाळी मी ओटीवर गेलो. काकू झेरॉक्सवर बोट ठेवून वाचत होत्या, सर पट्टीवर मोठ्या अक्षरांत उतरवत होते. काकू म्हणाल्या "टी" आणि सरांनी ठसठशीत "जी" काढला.

मी तोंड उघडणार, तोच सरांनी माझ्या पायावर पाय दाबला.

काकूंनी बाकावर बोट आपटलं.

"पुढे," सर म्हणाले.

काकूंनी पट्टीकडे बोट दाखवलं.

"खुणा मला कळत नाहीत गं. काय ते सांग."

काकूंचे ओठ हलले, थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, माझ्यामुळेच आता सगळं बिघडलं.

"मी चुकत नाही," सर पट्टीवरून नजर न काढता म्हणाले. "छत्तीस वर्षं शिकवलंय. तूच चुकीचं वाचतेस."

पदर खाली आला.

"मी? मी... नाय. तु... तुमी चुकलाव!" काकूंचा आवाज फाटला. "डोले हायेत का नाय ओ तुमाला? टी हाय तितं, टी! कुनी... कुनी केला तुमाला मास्तर?"

सगळ्या आळीनं ऐकलं असेल. कुणी हसलं नाही.

"बरं बाई, टी," सर पुटपुटले आणि मान खाली घालून खोडरबर चालवू लागले. अक्षर केव्हाच पुसलं गेलं होतं. कागदाला भोक पडलं तरी ते खोडतच होते.