कोऱ्या रजिस्टरची वारंटी

उद्धवरावांच्या फवारणी पंपांना एक वर्षाची वारंटी होती, आणि वारंटीचं रजिस्टर तीन वर्षं कोरं होतं. आदिलाबादच्या त्या लहानशा कारखान्यात कोणी आलं, की ते रजिस्टर उघडून दाखवत.

"पाहा! एकबी पंप वापस नाही!"

मार्चअखेर हिशेब पाहणाऱ्या अर्पितानं त्यांच्या आनंदावर विरजण घातलं.

"काका, विकलेल्या पंपांतले किती दुरुस्तीले येतील, त्याचा अंदाज बांधून खर्च आताच धरता येते. तेवढा कर कमी. पण अंदाजाले मागचा पुरावा पायजे. कोरं रजिस्टर इन्कम टॅक्सवाले काऊन मानतील?"

"म्हंजे चांगले पंप बनवले, हा गुन्हा झाला?"

"चांगले? कालच नार्नूरचा एक मानूस गळका पंप घेऊन आलता."

उद्धवरावांनी मोतीरामला हाक मारली. तो पंप जोडायचा, आणि दुरुस्तीचं टेबलही त्याच्याकडेच होतं. मोतीराम हातातला पाना ठेवून आला. प्रत्येक पंपाच्या बुडाला जोडणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असे. वापस आलेल्या पंपावर चंद्रभागेचंच, म्हणजे त्याच्या बायकोचं नाव निघे. तिची नजर कमी झाली होती. नाव रजिस्टरात चढलं तर तिचं काम जाईल, म्हणून तो पंप गुपचूप दुरुस्त करून देई.

"किती आले, मोतीराम?"

"एकबी नाही, मालक."

"खरं सांगा, दादा," अर्पिता म्हणाली. "जितके जास्त, तितकं बरं."

असं बोलणं मोतीरामनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा उघडला. सदतीस चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या मागं दुरुस्तीची तारीख.

"तिले काढू नका, मालक. मी तिले चष्मा घेऊन देतो. माझा तर एकबी पंप कदी आला नाही, तिचे मीच पाहून घेईन."

जोडणीच्या जागेवरून चंद्रभागा उठून आली. तिनं कमरेची पिशवी टेबलावर उलटी केली. त्रेचाळीस चिठ्ठ्या. सगळ्या मोतीरामच्या, आणि त्यांच्याही मागं तारखा.

मोतीराम पाहतच राहिला.

"दारातून पंप आला का पयले मी चिठ्ठी पाहत होती," ती म्हणाली. "माझी असली तर याच्याकडं धाडायची. याची असली तर घरी नेऊन, हा झोपल्यावर मीच दुरुस्त करायची. हा माझ्यावर कदी वरडला नाही, मंग याचं नाव मी काऊन चढू देऊ?"

अर्पितानं ऐंशी चिठ्ठ्या तारखेनं लावल्या. उद्धवरावांनी कोरं रजिस्टर मिटलं, आणि दोन चष्मे आणायला सांगितलं.

"वहिनी," अर्पितानं विचारलं, "पुढच्या वर्षाचा अंदाज किती धरू? चष्म्यानं अर्धे कमी करू?"

"माझे कर," चंद्रभागा म्हणाली. "याचे तेवढेच राहू दे बाई. चष्मा लावला तरी हा पंपाकडं थोडीच पाहते? माझ्याकडंच पाहत राह्यते."