दीर्घिकेच्या गालावरची पुटकुळी

‘मंगळवारी तिथे काहीही नव्हतं, पुरावा सोबत जोडला आहे,’ असं वेधशाळेच्या मॅडमना ठणकावून कळवून फोटोवाल्यांनी चहाचा कप उचलला, तोच बसचा ड्रायव्हर स्टुडिओत शिरला.

मॅडमनी विचारलं होतं ते असं. दूरच्या एका धुरकट दीर्घिकेत तारा फुटलाय, असं परगावच्या एका मास्तरांचं म्हणणं. त्यांच्याकडे मंगळवारचा फोटो होता, पण एकट्याच्या फोटोवर शोध मान्य होत नाही. त्या दीर्घिकेचा रोज फोटो घेणारा दुसरा माणूस म्हणजे आपले फोटोवाले. गच्चीवरच्या दुर्बिणीला कॅमेरा बांधून अकरा वर्षं ते फुटणारा तारा शोधत होते. एकच दिसावा, एवढंच देवाकडे मागणं. तो दिसला नव्हता, आणि या मास्तरांना वर्षभरात सापडावा? त्यांनी आपला मंगळवारचा फोटो भिंगाखाली धरला. स्वच्छ! मास्तर खोटे ठरले याचं फोटोवाल्यांना फारसं दुःख झालं नाही. चार वाजता मॅडम मास्तरांचा दावा रद्द करणार होत्या.

“माझा तीळ कुठंय?” ड्रायव्हरने काउंटरवर स्वतःचा फोटो ठेवला. परवान्याच्या कचेरीतून त्याला परत पाठवलं होतं. अर्जावर ओळखखूण लिहिलेली, ‘डाव्या डोळ्याखाली तीळ’, आणि फोटोत गाल कोरा करकरीत.

फोटो साफ करण्याचं खातं बायकोचं. फोटोवाल्यांनी हाक मारली तशी ती चष्मा पुसत बाहेर आली.

“मागच्या फोटोत नव्हता. म्हटलं, नवीन पुटकुळी असेल. काढली.”

“वहिनी, मागचा फोटोही तुम्हीच साफ केला होता.”

यात रागावण्यासारखं काही नाही, मूळ फोटो सगळे जपून ठेवलेत, तीळ आत्ता परत लावून देते, असं म्हणून तिने त्याला बाकावर बसवलं. फोटोवाले पोट धरून हसले आणि हसता हसता गप्प झाले. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड रोज सकाळी ते हिच्याच हातात देत आणि छापलेला फोटो हिच्याच हातून घेत.

“अगं, माझे आकाशाचे फोटो... तेही साफ करतेस?”

“म्हणजे काय. स्टुडिओचं नाव असतं त्यांच्यावर. जुना फोटो शेजारी ठेवते. त्यात होते तेवढे ठिपके राहू देते, नवीन दिसला की काढते. माझ्या नजरेतून एक सुटत नाही.”

“कधीपासून?”

“दुर्बीण आणलीत तेव्हापासून.”

फोटोवाल्यांनी मनात अकरा वर्षं मोजली. देवाने कुठल्या कुठे दिवा पेटवावा, त्याचा उजेड कोटी कोटी वर्षं चालत यावा, या गरिबाच्या गच्चीवर बरोब्बर उतरावा, आणि या माउलीने सकाळी सकाळी तो पुसून टाकावा! किती पुसलेस, असं त्यांनी बारीक आवाजात विचारलं. जास्त नाहीत, चारच, असं उत्तर आलं.

मास्तरांचा दावा आणि आपण मॅडमना काय कळवलं ते दोघांना सांगत फोटोवाल्यांनी मंगळवारचा मूळ फोटो पडद्यावर उघडायला लावला. दीर्घिकेच्या खालच्या कडेला एक टपोरा ठिपका ऐटीत बसला होता.

घड्याळात चारला दहा कमी. काही न बोलता बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर अकरा वर्षांचं हसं. फोटोवाल्यांनी तिळाची वाट पाहणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

“माझं राहू द्या हो,” तो म्हणाला. “आधी त्या मास्तरांचा लावून द्या.”

फोटोवाल्यांनी फोन केला आणि सगळं कबूल केलं. मग मॅडमनी फोटोची वेळ विचारली. ती निघाली मास्तरांच्या फोटोच्या चाळीस मिनिटं आधीची! म्हणजे दोन्ही नावं लागणार, पहिलं तुमच्या स्टुडिओचं, असं त्या म्हणाल्या.

“फक्त एक सांगा. फोटोत हा ठिपका सर्वात आधी कुणाच्या लक्षात आला? नाव त्यांचंच लागतं.”

फोटोवाल्यांनी तोंड उघडलं. समोर बायकोची कामाची वही उघडी होती. बुधवार, सकाळी सव्वानऊ. ‘दीर्घिका. खाली एक पुटकुळी. काढली.’

“आमच्या हिच्या,” ते म्हणाले.

त्यांनी वळून तिला ही बातमी सांगितली. ती पडद्यात डोकं घालून बसली होती.

“बरं,” ती म्हणाली. “आता जरा थांबा, ह्यांचा तीळ जागेवर बसतोय.”