दोन डाव्या बाजूंचं जाकीट

"ह्या चित्रातल्या बाईला कंबर आहे की नुसती खूण केलीय?" आई पुटपुटली. पुटपुटण्यावाचून इलाज नव्हता, ओठांत पाच टाचण्या होत्या.

स्टुलावर उभ्या लेकीने ऐकलं आणि पोट आत ओढून घेतलं. रविवारी ती नोकरीसाठी दूरच्या शहरात निघणार होती. त्यासाठी आईने ट्रंकेच्या तळातून आपल्या तरुणपणचं, कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांचं पाकीट काढलं होतं; चित्रातली बाई त्याच्यावरचीच. एक जाकीट, दोन ब्लाउज, एक स्कर्ट, एक पँट. काहीही कशावरही घालावं आणि पाच कपड्यांत आठवडा काढावा, अशी ती युक्ती. रविवारचा विषय निघाला की आई ओठांत आणखी एक टाचणी धरायची.

बुधवारी जाकिटाचे पुढचे दोन्ही भाग डावे निघाले. कापड वाचावं म्हणून आईने ते एकेक करून कापले, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटायचाच राहिला. बत्तीस वर्षं लोकांचे कपडे बेतणाऱ्या बाईच्या हातून!

"कागद जुना झालाय," ती म्हणाली.

"जुना झाला म्हणून डावखुरा झाला?" बाबांनी विचारलं. मग बायकोची नजर पाहून त्यांना एकदम तहान लागली आणि ते स्वयंपाकघरात गेले.

निळं कापड संपलेलं. दुकानातही तसं उरलेलं नव्हतं. मग जाकिटाची उजवी बाजू स्कर्टाच्या तपकिरी कापडातून काढली. त्यामुळे स्कर्ट अपुरा पडला, त्याला पँटच्या हिरव्या कापडाची झालर आली. पँट आखूड झाली, तेव्हा जास्तीचा तो डावा भाग कापून तिच्या पायांना निळ्या पट्ट्या जोडल्या.

शनिवारी संध्याकाळी लेक जाकीट-पँट चढवून आरशासमोर उभी राहिली. कौतुक करायला बाबा तयारीनिशी आले होते, पण ऐनवेळी त्यांना शब्द सापडेना.

"शाळेत भिंतीवर नकाशा असायचा ना," ते म्हणाले, "तसं काहीसं. पण छान नकाशा."

लेकीने पँट बदलून स्कर्ट घातला. ब्लाउज बदलून पाहिला. मग हसू लागली. "आई, प्रत्येकात दुसऱ्याचा तुकडा आहे. आता खरंच सगळं सगळ्यावर जातंय."

आई हसली नाही. तिने जाकिटाची कड उगाच ओढून पाहिली. "वरचं बटण राहिलंय. निवांत लावते सोमवारी."

"सोमवारी?" लेक हळूच म्हणाली. "आई, मी उद्या जातेय."

बाबा खिडकीकडे बघू लागले. आईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, सुयांच्या उशीत खोचल्या. आठवड्यात पहिल्यांदाच तिचं तोंड मोकळं झालं.

"जा, तू जावंस म्हणूनच शिवतेय," ती म्हणाली. "पण मला करमायचं नाही गं."