मोकलदादांनी राखलेली ओळ

मोकलदादा स्कूटरला कुलूप लावतात, तीनदा ओढून बघतात आणि मग वॉचमनला बोलावून त्यालाही ओढायला लावतात. त्याने ओढल्याशिवाय दादा ऑफिसचा जिना चढत नाहीत. नव्या वॉचमनला पहिल्या दिवशी ही चेष्टा वाटते. आठवड्याभरात तो सलाम ठोकायच्या आधीच कुलूप ओढतो.

पनवेलच्या आमच्या छोट्या कंपनीत जासईच्या यार्डातल्या कंटेनरांसाठी एक डबी बनते. कंटेनरचं दार कधी उघडलं याची ती नोंद ठेवते. तिची मेमरी असलेल्या फ्लॅश चिपमधला सुरुवातीचा भाग कुणी बदलला, तर डबी खोटं बोलायला लागेल. म्हणून त्या भागावर कुणाला काही लिहिता येऊ नये, हे पाहणं दादांचं काम. चिरनेरच्या या माणसाचा धर्मही तोच.

मी नवा असताना शहाणपणा केला होता. "दादा, चिपशी बोलणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम आहे ना? तो लॉकची ऑर्डर देतो. झालं की!"

"आनि उगडायची ऑर्डर कोन देतो?"

"तोच."

"मंग ती कडी झाली, कुलूप नाय. चोर घरातलाच निंगाला तर?" त्यांनी चिपचा एक पाय दाखवला. "लॉक लावून ही पिन बोर्डाच्या अर्थिंगला जोडली ना, की ड्रायव्हर कितीबी बोंबलू दे, चिप ऐकत नाय."

घरीही हेच. काकूंनी गॅस बंद केला म्हटलं की दादा विचारतात, "ऑर्डर दिलीस, का खरंच बंद हाय?" काकू म्हणतात, "पिन जोडलीय. जेवा आता."

आमचा ड्रायव्हर लिहिला फरझानाने. ऑफिसात दादांशी भांडायची हिंमत असलेली ती एकटीच. दुपारी दोघं एका टेबलावर बसत. त्यांची सुकी मासळी, तिची तांदळाची सांदणं, आणि तोंडी लावायला वाद. पुढे तिचे वडील आजारी पडले आणि तिने नोकरी सोडली. उरलेल्या चार बारीक दुरुस्त्या मी केल्या, आणि कागदोपत्री अख्खा ड्रायव्हर माझा झाला. बढती तोंडावर होती. मी मूग गिळून बसलो.

चिपच्या त्या राखीव भागात ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या नावाची एक ओळ असते. मॅनेजर माझ्याकडे बोट दाखवून दादांना म्हणाले, "तिचं नाव काढून याचं टाका. शुक्रवारी पिना जोडायच्या आत."

शुक्रवारी सकाळी दादा शांतपणे म्हणाले, "पिना कालच जोडल्या. सगल्या सर्किट बोर्डांच्या."

"मग सोडवा!"

"सोडवतो की. पन गिऱ्हाइकाला लिवून द्या, सायबांनी हुकूम दिला का आमचं कुलूप उगडतं."

मॅनेजर केबिनमध्ये निघून गेले. ठरल्या दिवसाच्या आधी दादांनी काम संपवलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मी एक बोर्ड कॉम्प्युटरला जोडून ती ओळ वाचली. फरझानाचं नाव, पुढे सगळी मोकळी जागा. दादा त्यांच्या टेबलावर एकटेच डबा उघडत होते.

"दादा, कुलूप तर तुमचं. तुमचं नाव का नाही घातलंत? जागा आहे की."

"लिवलं तिनं," ते म्हणाले. "मी नुस्तं राखलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादांनी समोरची रिकामी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"बस. आनि तिला फोन लाव. मला काय नीट बोलता येत नाय. तिचं काम तुज्या नावावर कसं गेलं, ते तुज्याच तोंडून कळू दे."

मी बसलो आणि फोन लावला.