सांडूनं प्यालेली तीन शहाळी

सांडूनं वाळूजच्या बियर कारखान्यात एकोणतीस वर्षं बाटल्या धुतल्या. "अख्ख्या मराठवाड्याची तहान आपण भागवली," असं तो शहागंजात भेटेल त्याला ऐकवायचा. रिटायर झाला आणि किडन्यांनी मान टाकली. डॉक्टरांनी पथ्याचा लांबलचक कागद दिला. चतुराबाईनं, त्याच्या बायकोनं, तो तोंडपाठ केला. सांडूनं पहिली ओळ वाचली, 'दारू बंद', आणि चष्मा काढून ठेवला.

जुन्या सोबत्यांनी पैठण रोडला एका मळ्यात दुपारचं जेवण ठेवलं, तेव्हा निघताना तो म्हणाला, "थेंबाला शिवलो तर नाव बदल."

लिंबाखाली गप्पा रंगल्या. भिजल्या जवाचा वास अंगाला असा चिकटायचा की बसमधली माणसं सरकून बसायची, याची आठवण निघाली. बाटल्या फिरू लागल्या. सांडूचा हात सवयीनं पुढं गेला आणि मोठ्या कष्टानं मागं आला.

शेजारी गयास होता. बाटल्या धुण्याच्या मशिनीवर सांडूसोबत उभा राहिलेला, पण जन्मात जिभेला थेंब न लावलेला नमाजी माणूस. "ही शहाळी खास तेरे वास्ते आणली," तो म्हणाला. "पी. किडन्या धुऊन निघतील."

एक शहाळं झालं. दुसरं झालं. मॅनेजरसाहेब फेसाच्या हौदात पडल्याची गोष्ट निघाली तेव्हा तिसरं चालू होतं.

घरी दारातच चतुराबाईनं त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. सांडू नवरदेवासारखा ऐटीत बसला.

"मग प्यालात काय?"

"शहाळी. तीन."

तिनं पथ्याचा कागद काढून त्याच्यापुढं धरला. "अवं, कागदावर शहाळ्याला तांबडी फुली हाय. त्यातल्या पोटॅशियमनं किडनीवाल्याचं काळीज बंद पडतं म्हणले डॉक्टर."

सांडू हसत उठायला गेला, तर पाय उचलेनात.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली. छातीला वायरी लावून दोन दिवस तो पडद्यावरची हिरवी रेघ बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत चतुराबाईचा हात धरला, तो सोडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी रेघ सुधारली. मंडळी भेटायला आली. गयास कोपऱ्यात उभा होता, डोळे सुजलेले.

"तू तर प्यालाच नाय," सोबत्यांतला कडूबा म्हणाला. "मग झालं काय?"

"माझी शहाळी तर नाय ना बाधली?" गयासनं हळूच विचारलं.

सांडूनं त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. याला खरं सांगवत नव्हतं. शिवाय बियर कारखान्याचा माणूस शहाळ्यानं आडवा झाला, हे सांगायचं तरी कसं?

"छे रे. चोरून दोन ग्लास मारले होते."

गयासनं सुटकेचा श्वास सोडला. सांडूनं भीतभीत बायकोकडं बघितलं.

"दोन कसले?" चतुराबाई गयासकडं बघत म्हणाली. "चांगले तीन."

मग मळ्यात सहा बाटल्या रिचवलेल्या कडूबानं खुर्ची ओढली आणि दारूनं संसाराचं कसं वाटोळं होतं, ते सांडूला तासभर समजावून सांगितलं. सांडूनं खाली मान घालून ऐकून घेतलं.