उलट्या उताराचं प्रकरण

माझ्याइतका गुप्त गुप्तहेर दुसरा नसेल. मी इतका गुप्त आहे, की आजवर एकाही अशिलाला माझा पत्ता लागलेला नाही. अपवाद मावशीचा. मी तिच्याकडेच राहतो, त्यामुळे तिचा नाइलाज आहे.

मावशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून हॉलमध्ये येऊन बसायचं, पाहुण्यासारखं. काका दोनदा घसरले. दुसऱ्यांदा तर बातम्या संपेपर्यंत उठलेच नाहीत. मावशी कोर्टात निघाली होती, पण वकीलबाईंनी कायदा सांगितला. आधी बिल्डरला लेखी कळवायचं आणि दुरुस्तीला तीस दिवस द्यायचे. तो आला नाही तर खुशाल दावा लावा. आपणच त्याला घरात घेतलं नाही तर दावाही गेला, फुकटची दुरुस्तीही गेली; पाणी तेवढं राहिलं.

पत्र गेलं. मावशी-काका दिवसभर कामावर, म्हणून दाराशी मी. एकोणतीस दिवस बिल्डरचं कोणी फिरकलं नाही. मावशीनं फोन केला की तिकडून म्हणायचे, माणूस पाठवलाय. हे धडधडीत खोटं होतं, कारण दारात मी स्वतः बसलो होतो. माझा पहिला निष्कर्ष, बिल्डर परागंदा झाला. दुसरा, पत्राला उत्तर द्यायला नको म्हणून तो वारला. तिसरा, बिल्डर मुळात नव्हताच, इमारत आपोआप उगवली. हा मला इमारतीकडे बघून सुचला.

मधल्या काळात एक संशयित इसम मात्र चारदा बेल वाजवून गेला. बुटांवर सिमेंट, हातात बुडबुड्याची पट्टी. पुरावा नष्ट करायला आलेला हेर, दुसरं काय? कोणी पाठवलं विचारलं, तर म्हणाला, बिल्डरनं. खरा हेर मालकाचं नाव कधीच सांगत नाही. म्हणजे हा फारच कसलेला होता. चारही वेळा मी त्याला पिटाळलं.

तिसाव्या दिवशी मावशीनं आणि काकांनी रजा घेतली. बेल वाजली.

"पाचव्यांदा आलास," मी दार अडवून म्हणालो.

"पाचव्यांदा?" मागून मावशीचा आवाज आला.

"बाई, हे दर वेळी हाकलतात," इसम म्हणाला. "मागच्या खेपेला बुटाचा ठसा घेतला."

"छान आलाय," मी म्हणालो.

"अरे दिवट्या, तो फरशी बसवणारा आहे," मावशी म्हणाली.

इसमानं बाथरूममध्ये पातळी बघायची ती पट्टी ठेवली. बुडबुडा दाराविरुद्धच्या टोकाला पळाला. उतार उलटा आहे, असं त्यानं जाहीर केलं.

"आम्हाला ते पाठीवर पडून कळलंय," काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत फरशी उखडून नव्यानं बसली. दोन दिवस तिच्यावर पाय नको, असं बजावून तो गेला. मावशीनं माझी खुर्ची बाथरूमच्या दाराशी आणून ठेवली.

"कोणालाही आत सोडू नकोस. एवढं एक तुला जमतं."

मी कोणालाही सोडलं नाही. काका शेजारी आंघोळ करून आले. तिसऱ्या दिवशी मावशीनं बादलीभर पाणी ओतलं. ते कोणाकडेही न बघता मुकाट जाळीत गेलं. मी वहीत नोंद केली : संशयित फरार.