सुर्वे चीफ आणि जेरुसलेमच्या किल्ल्या

माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मेणबत्त्या पेटल्या होत्या, सुरी तिच्या हातात होती, आणि सुर्वे चीफ जेरुसलेमला वेढा घालून बसले होते. चूक माझीच. केक कापायच्या आधी मी सहज म्हणालो होतो, "चीफ, दोन शब्द बोला."

"शहराभोवती कित्येक महिने अरबांची फौज बसलेली," चीफ सांगत होते. "आत माणसं उपाशी..."

"अंकल, केक लाह!" पोरं सिंगापुरी हेल काढून ओरडली. चीफांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, पुढे होऊन मेणबत्त्या स्वतःच फुंकल्या. "वेढा उठला रे मुलांनो, खा," त्या म्हणाल्या.

सुर्वे चीफ इथे सिंगापूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय तेवढी जमिनीवर घेऊन आले. 'हळू' हा त्यांच्या लेखी यंत्राचा वेग आहे, आवाजाचा नाही.

इथल्या मराठी मंडळातले लोक जमले की गडकिल्ल्यांच्या लढाया रंगतात. चीफ मान हलवत ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "रक्त सांडून शहर कुणीही घेतं हो. न सांडता घेऊन दाखवा!" मग जेरुसलेम. आमच्या कॉण्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, मीटिंगमध्ये गॅलरीत कपडे वाळत घालण्यावरून हातघाईची वेळ आली, तेव्हाही हे उठून उभे. "आधी तहाच्या अटी काय ते सांगा!" भांडणारे दोघे एकमेकांना सोडून त्यांच्याकडे बघत बसले. त्या दिवशी खरोखरच तह झाला. निदान मीटिंग लवकर संपावी एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पण गोष्ट ते सांगतात मात्र अशी, की चेष्टा करायला आलेला माणूसही गप्प होतो. शहरातला म्हातारा ख्रिस्ती धर्मगुरू वेढा घालणाऱ्या मुसलमान फौजेला निरोप पाठवतो: शहर देतो, पण किल्ल्या खुद्द खलिफाच्याच हातात देईन. खलिफा मदिनेहून निघतो. बरोबर फौज नाही, एक नोकर आणि एकच उंट. वाळवंटात दोघं आळीपाळीनं बसतात.

"आणि असं सांगतात," इथे चीफांचा आवाज तेवढ्यापुरता खाली येतो, "की वेशीपाशी पोचले तेव्हा पाळी नोकराची होती. नोकर म्हणाला, मालक, आता तरी तुम्ही बसा. हा म्हणाला, पाळी तुझी आहे. सगळं शहर तटावरून बघतंय. नोकर उंटावर, आणि ज्याला शहर द्यायचं तो ठिगळाच्या कपड्यांत, दोरी धरून चालतोय!"

पुढे नमाजाची वेळ होते. धर्मगुरू म्हणतो, इथे चर्चमध्येच पढा. खलिफा बाहेर जाऊन पढतो. का? तर उद्या माझी माणसं म्हणतील, आमचा खलिफा इथं पढला, ही जागा आमची.

"जिंकलेला माणूस, आणि स्वतःच्याच माणसांपासून दुसऱ्याचं देऊळ वाचवतोय!" चीफ चष्मा काढतात. मी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे, पण इथे दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

एका रविवारी आम्ही दोघं सायकली घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेलो. परतीच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर नारळपाणी पीत होतो. मी विचारलं, "चीफ, हे जेरुसलेम तुम्हाला लागलं कुठून?"

त्यांनी नारळ खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या अनघामुळे."

त्यांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. इथेच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. तिथल्याच फैझल नावाच्या मलय मुसलमान डॉक्टरशी तिनं लग्न केलं, त्याचा धर्म घेतला.

"मी म्हटलं, हे दार तुला बंद. मग पुस्तकं आणली, ढीगभर. म्हटलं, मुद्दे गोळा करू, जावयाला एकदा असा उभा-आडवा घेऊ! पहिल्याच पुस्तकात हा माणूस उंटाची दोरी धरून आला. माझे सगळे मुद्दे जागच्या जागी बसले."

"मग तिला सांगितलीत ही गोष्ट?"

चीफ उठून सायकलीकडे गेले. बोट आली. बोटीचं इंजिन एवढं धडधडत होतं, पण त्यावर आवाज चढवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

पुढच्या आठवड्यात ते दारात उभे. "उद्या ईद आहे, हरी राया. आम्ही दोघं टॅम्पिनीसला जातोय, अनघाकडे. तू चल. आम्ही दोघंच असलो तर मी लिफ्टमधूनच परत फिरेन. तुझ्यासमोर लाज वाटेल."

गेलो. काकूंच्या हातात करंज्यांचा डबा. दारापुढे चपलांचा हा ढीग, आतून हसण्याचे आवाज. चीफ इस्त्रीच्या शर्टात उभे, बेलकडे बघत. शेवटी काकूंनीच बेल दाबली.

दार अनघानं उघडलं. तिच्या मागे फैझल. मग फैझल पुढे आला, घसा खाकरला, आणि पाठ केल्यासारखा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "या बाबा. बसा. चहा घेते का?"

"घेता का," चीफ म्हणाले. "मोठ्यांना घेता का म्हणायचं."

"घेता का?"

"घेतो."

काकू सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि न विचारता वरच्या कपाटातून कप काढले. चीफ बघतच राहिले. "अगं, कप कुठं असतात हे तुला कसं माहीत?"

"तुम्ही जेरुसलेम सांगायला बसलात की मला भरपूर वेळ असतो," काकू म्हणाल्या.

अनघा हसली, आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. तिनं वडिलांपुढे गरमगरम खाण्याची ताटली ठेवली. चीफांनी हात लावला नाही. इंजिनरूममधला तो माणूस इतक्या हळू बोलला, की शेजारी बसूनही मला कान द्यावा लागला.

"अनघा, मला फार उशीर झाला गं."

"आधी खा बाबा," ती म्हणाली. "गार होतंय."